सौर प्रकल्पाला पैसे कुठून आणायचे? नागपूर जिल्ह्यातील एका नगर परिषदेचे प्रकरण

हे प्रकरण नागपूर जिल्ह्यातील एका नगर परिषदेचे आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले असून आकडे जवळच्या पूर्णांकात दिले आहेत. पाणीपुरवठ्याचे वीजबिल कमी करण्यासाठी पंप बदलणे आणि सौर प्रकल्प उभारणे, ही दोन कामे परिषदेने २०२२-२३ मध्ये हाती घेतली. निधी कुठून मिळाला हा यातला एक भाग. वाचलेला पैसा पुढे कुठल्या खात्यात गेला हा दुसरा, आणि आमच्या मते जास्त महत्त्वाचा.

पार्श्वभूमी

ब वर्गाची नगर परिषद, म्हणजे लोकसंख्या ४० हजार ते १ लाखाच्या दरम्यान. इथे ती पन्नास हजारांच्या थोडी पुढे. नदीपात्रात जॅकवेल (पाणी उचलण्याची विहीर), तिथून कच्चे पाणी जलशुद्धीकरण केंद्रात आणि केंद्रातल्या शुद्ध पाण्याच्या संपमधून (साठवण टाकीतून) गावातल्या उंच टाक्यांवर. रोज सुमारे ७० लाख लिटर पाणी असे दोनदा उचलले जाते. जॅकवेल आणि शुद्धीकरण केंद्र यांना महावितरणच्या ११ केव्हीच्या स्वतंत्र उच्चदाब जोडण्या आहेत. हा स्वतंत्रपणा पुढे फार महत्त्वाचा ठरला.

२०२१-२२ मध्ये केंद्राच्या जोडणीवर महिन्याला साधारण ७० हजार आणि जॅकवेलच्या जोडणीवर ४२ हजार युनिट लागत. दोन्हींचे मिळून बिल पावणेदहा लाखांच्या घरात, म्हणजे वर्षाला १ कोटी १७ लाख. बिल दर महिन्याला येते. पाणीपट्टीची वसुली मात्र जानेवारी ते मार्चमध्येच जोर धरते. त्यामुळे एप्रिलपासून थकबाकी साचायची, मार्चअखेर काही भरली जायची आणि विलंब आकार व व्याज तेवढे वाढत राहायचे. प्रकरण सुरू झाले तेव्हा जवळपास सहा महिन्यांचे बिल थकलेले होते.

पथदिव्यांचे एलईडीत रूपांतर आधीच झाले होते, तेही खासगी गुंतवणुकीतून. दिवे कंपनीने बसवायचे, वीज वाचेल त्यातून परिषदेने सात वर्षे ठरावीक हप्ता द्यायचा, असा करार होता. वीज खरोखर वाचली, पथदिव्यांचे बिल निम्म्याहून खाली आले. पण वाचलेले पैसे सर्वसाधारण निधीतच राहिले आणि पगार, डिझेल, साफसफाईचा ठेका यांत खर्च झाले. हप्ता मागायला कंपनी आली तेव्हा त्यासाठी तरतूदच नव्हती. ही थकबाकी नव्या प्रकल्पाच्या प्रत्येक बैठकीत आडवी आली.

त्या काळात राज्यातल्या अनेक नगर परिषदांप्रमाणे इथेही निवडून आलेली सभा नव्हती. मुख्याधिकारीच प्रशासक होते. ठराव लवकर होत. परंतु दीर्घ मुदतीची बांधिलकी स्वीकारायला प्रशासक साहजिकच कचरत होते.

मूळ प्रस्ताव आणि त्यातली चूक

पहिला प्रस्ताव ३०० किलोवॅटच्या सौर प्रकल्पाचा होता. खर्च दीड कोटींच्या वर. दोन्ही जोडण्यांच्या युनिटांची बेरीज करून, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वीज निघेल असा हा आकडा काढला होता. अंदाजपत्रकाचा मसुदा एका पुरवठादाराने दिला होता. छोट्या परिषदेकडे विद्युत अभियंता नसतो, तेव्हा असेच होते.

तांत्रिक मान्यतेसाठी गेलेली फाईल शेरे घेऊन परत आली. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे ग्रिडला दिलेली सौर वीज बिलातून वजा करून घेण्याच्या पद्धतीत, सौर प्रकल्पाची क्षमता त्या जोडणीच्या करार मागणीपेक्षा (महावितरणशी ठरलेल्या कमाल भारापेक्षा) जास्त ठेवता येत नाही. केंद्राची करार मागणी होती १८० केव्हीए (केव्हीए हे एकूण विद्युत भाराचे माप). परिषदेने धरलेल्या नेट मीटरिंगमध्ये वजावट मिळते ती प्रकल्प ज्या जोडणीवर बसवला त्याच जोडणीच्या बिलात. केंद्रावर निर्माण झालेली वीज जॅकवेलच्या बिलातून वजा होणार नव्हती. जॅकवेलजवळची जागा पूररेषेत असल्याने तिथे पॅनेल बसवणे शक्य नव्हते. शिवाय अंदाजपत्रकात जीएसटी धरलाच नव्हता. त्या वेळी सौर कामाच्या ७० टक्के भागावर १२ आणि ३० टक्के भागावर १८ टक्के अशी आकारणी होती, म्हणजे एकूण १३.८ टक्के. दीड कोटीच्या कामात हा फरक वीस लाखांचा पडतो. (सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा कर ५ टक्के झाल्याने आज हे गणित सौम्य आहे.)

चौथा शेरा सर्वांत मोलाचा होता: पंपांची कार्यक्षमता तपासली आहे का?

ऊर्जा लेखापरीक्षणात काय निघाले

तपासणीला अडीच लाख रुपये लागले. पाइपावर बाहेरून लावायचा अल्ट्रासोनिक प्रवाहमापक, डिलिव्हरीवर (पाणी बाहेर पडते त्या बाजूला) नवे दाबमापक आणि विजेच्या पॅनेलवर पॉवर अॅनालायझर लावून प्रत्येक पंप एकेकटा आणि जोडीने चालवून पाहिला.

केंद्रातल्या पंपांची मोटरसह एकत्रित कार्यक्षमता निघाली ५२ टक्के, जॅकवेलच्या पंपांची ४८. कारणे तीन. पंप मुळात ७५ मीटर उंचीसाठी निवडलेले होते, प्रत्यक्षात लागत होते ६० मीटर; मोटरवर जास्त भार येऊ नये म्हणून चालक डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवत. वीज खर्चून दाब तयार करायचा आणि तोच व्हॉल्व्हमध्ये मारायचा, हे वर्षानुवर्षे चालले होते. दुसरे, जॅकवेलमधल्या वाळूने इम्पेलर (पंपातली फिरती चक्रे) झिजले होते. तिसरे, बहुतेक मोटरी दोनदा-तीनदा रिवाइंड केलेल्या, म्हणजे आतल्या तारा पुन्हा गुंडाळलेल्या, होत्या.

तपासणीने एक माप दिले: दहा लाख लिटर पाण्यामागे ५३४ युनिट. योग्य उंचीचे नवे पंप बसवले तर केंद्रावर ६८ आणि जॅकवेलवर ६६ टक्के कार्यक्षमता मिळून हे माप ४०६ वर यायला हवे होते. महिन्याला सुमारे २७ हजार युनिट कमी. बिलातला युनिटनुसार बदलणारा भाग (वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन) तेव्हा युनिटमागे साडेसात रुपयांच्या आसपास होता. म्हणजे महिन्याला दोन लाख, वर्षाला २४ लाख. पाच पंप, मोटरी, व्हॉल्व्ह आणि विजेची पॅनेल मिळून खर्च ५८ लाख. अडीच वर्षांत वसूल.

सौर प्रकल्पाचे गणित नव्या पंपांनंतरच्या वापरावर पुन्हा मांडले. १५० किलोवॅट पुरेसे ठरले. नागपूर भागात एका किलोवॅटमागे वर्षाला १,४०० युनिट धरणे सुरक्षित. म्हणजे २ लाख १० हजार युनिट. किंमत करासह ८२ लाख. वसुलीला सव्वापाच वर्षे, तेही सारे सुरळीत चालले तर.

इथे पहिला निर्णयबिंदू आला. सौर पॅनेल दिसतात, त्यांचे उद्घाटन होते. पंप संपच्या खोलीत असतात. तरीही क्रम पंप आधी, सौर नंतर असाच ठरला. उलट क्रमाने गेले असते तर वीज वाया घालवणाऱ्या पंपांसाठी मोठा सौर प्रकल्प विकत घेतला गेला असता.

पैशाचे पर्याय

रेस्को. कंपनी स्वतःच्या पैशाने प्रकल्प बसवते आणि परिषद पंचवीस वर्षे ठरलेल्या दराने वीज घेते. चौकशीत दर पाच रुपये दहा पैशांच्या आसपास सांगितला गेला. भांडवल शून्य आणि देखभाल कंपनीची. युनिटमागे दोन रुपये चाळीस पैसे, वर्षाला पाच लाखांची बचत. नागपूर मेट्रोच्या स्थानकांवर सौर वीज याच धर्तीवर घेतली गेली. मग परिषदेचे कुठे अडले? कंपन्यांनी तीन महिन्यांच्या देयकाइतकी बँक हमी किंवा पाणीपट्टीच्या वसुलीवर एस्क्रो (वसुलीतून कंपनीचे देणे आधी भागवणारे वेगळे खाते) मागितले, कारण पथदिव्यांच्या थकलेल्या हप्त्यांची माहिती बाजारात होतीच. मसुद्यात असेही कलम होते की ग्रिडची वीज गेली किंवा परिषदेने पंप बंद ठेवले तरी निर्माण होऊ शकली असती त्या विजेचे पैसे द्यावे लागतील. पंचवीस वर्षांचा असा करार निवडून आलेल्या सभेच्या अनुपस्थितीत करणे प्रशासकांना योग्य वाटले नाही. ते बरोबरच होते.

कर्ज आणि रोखे. इंदूर महापालिकेने २०२३ मध्ये हरित रोखे काढून २४४ कोटी उभे केले, ते खरगोन जिल्ह्यातल्या जलूद इथल्या ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी. नर्मदेचे पाणी इंदूरपर्यंत उपसण्याचे बिल कमी करणे हाच तिचा हेतू होता, म्हणजे प्रश्न अगदी याच जातीचा. पण रोख्यांना पतमानांकन हवे, लेखापरीक्षित ताळेबंद हवेत, आणि दीड-दोन कोटींसाठी रोखे काढण्याचा खर्चच परवडत नाही. बँक कर्जाला १९१४ च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज अधिनियमाखाली शासनाची परवानगी लागते. थकबाकी असलेल्या परिषदेला ती मिळायला किती वेळ लागेल याचा भरवसा नव्हता. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

अनुदाने आणि स्वनिधी. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत दशलक्षाहून लहान शहरांसाठी ४० टक्के अबंधित आणि ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांवरच खर्चायचा, होता. बंधित भागातला निम्मा पेयजल, पर्जन्यजल संधारण व पाण्याच्या पुनर्वापरासाठी आणि निम्मा स्वच्छता व घनकचऱ्यासाठी. पेयजलाचा बंधित हिस्सा परिषदेकडे पडून होता, कारण पाइपलाइनचे प्रस्ताव अडकले होते. याशिवाय जिल्हा वार्षिक योजनेतून काही मिळण्यासारखे होते, आणि माझी वसुंधरा या राज्याच्या पर्यावरण अभियानात मिळालेल्या बक्षिसाची रक्कम होती. अभियानाच्या पाच तत्त्वांपैकी ‘अग्नी’ म्हणजेच ऊर्जा, त्यामुळे सौर कामावर ती खर्चायला अडचण नव्हती.

ठरलेली जुळणी

पंपांचे ५८ लाख पूर्णपणे वित्त आयोगाच्या पेयजल हिश्श्यातून. सौर प्रकल्पाचे ८२ लाख तीन ठिकाणांहून: जिल्हा वार्षिक योजना ४५, अभियानाचे बक्षीस २०, स्वनिधी १७.

सौर प्रकल्पही वित्त आयोगाच्या निधीतून करावा असा एक आग्रह होता. पाणी उपसायला वीज लागते, म्हणून सौरही पेयजलाचेच काम, असा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नाही. पण स्थानिक निधी लेखापरीक्षेत आक्षेप आला असता तर उत्तर देण्यात दोन वर्षे गेली असती. पंप हे निर्विवाद पेयजलाचे काम, म्हणून बंधित पैसा तिथे. ज्या कामाच्या वर्गीकरणावर वाद होऊ शकतो त्याला कमी बंधने असलेला पैसा. ही साधी विभागणी इतर परिषदांनी जशीच्या तशी उचलावी.

स्वनिधीच्या १७ लाखांवर लेखापालांनी हरकत घेतली: बिले थकलेली असताना नव्या कामाला पैसे कसे? हरकत रास्त होती. उत्तर आकड्यांत दिले गेले. थकबाकीवर वार्षिक १८ टक्के व्याज धरले तरी १७ लाखांवर महिन्याला साधारण पंचवीस हजार. सौर प्रकल्प लांबला तर महिन्याला सव्वा ते दीड लाखांची बचत बुडते, आणि स्वहिस्सा भरला नाही तर जिल्हा योजनेचे ४५ लाखही परत जातात. मात्र वीज तोडली गेली तर सगळेच गणित फसते. म्हणून आधी महावितरणकडून थकबाकीचे हप्ते लिहून घेतले, पहिला हप्ता भरला आणि मग स्वहिस्सा वळवला.

बचतीचे खाते

आमच्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

पथदिव्यांचा धडा समोर होता. म्हणून मुख्याधिकाऱ्यांनी ‘ऊर्जा बचत निधी’ असे वेगळे खाते उघडायचे ठरवले. लेखापालांनी विचारले, त्यात जमा काय दाखवायचे? बचत ही जमा नसते. तो न झालेला खर्च आहे. त्याची पावती फाडता येत नाही.

अनेक ठिकाणी विषय इथेच मिटतो. इथे वाट काढली ती अर्थसंकल्पातून. पाणीपुरवठ्याच्या विजेची तरतूद पुढची पाच वर्षे जुन्या पातळीवरच ठेवायची: दहा लाख लिटरमागे ५३४ युनिट, गुणिले प्रत्यक्ष पुरवलेले पाणी, गुणिले चालू दर. प्रत्यक्ष बिल भरल्यावर जो फरक उरेल तो दर तिमाहीला ठरावाच्या आधारे राखीव निधीत वर्ग करायचा. राखीव निधी कशावर खर्चायचा याचा क्रमही ठरावातच लिहिला: आधी थकबाकीचा हप्ता, मग प्रकल्पाची देखभाल, उरेल त्यातून पुढचे ऊर्जेचे काम. इतर कशासाठीही नाही.

बचत मोजण्याची आधाररेषा महिन्याच्या युनिटांवर न ठेवता पाण्याच्या लिटरांवर ठेवली हे फार बरे झाले. उन्हाळ्यात पाणी जास्त लागते, नव्या वस्त्या जोडल्या जातात. नुसती बिले शेजारी ठेवून पाहिली तर बचत कधी फुगलेली तर कधी नाहीशी झालेली दिसते. त्यासाठी दोन्ही ठिकाणी कायमचे प्रवाहमापक बसवावे लागले. ते मूळ अंदाजपत्रकात नव्हते.

अंमलबजावणी आणि वाटेतल्या अडचणी

पंपांचे काम टप्प्याने झाले. एकावेळी एकच पंप काढायचा, पाणी बंद ठेवायचे नाही. इथे फारसे बिघडले नाही. जुन्या फाउंडेशनवर नव्या पंपाची बेसप्लेट बसेना, एवढेच. निविदेत जुन्या फाउंडेशनची मापे द्यायला हवीत, नाहीतर ठेकेदार जादा दर मागतो.

सौर कामात अडथळे जास्त आले. पॅनेल निम्मी संपच्या छतावर, निम्मी मोकळ्या जागेत अशी आखणी होती. शुद्ध पाण्याच्या संपच्या स्लॅबला भोके पाडायची नाहीत, अशी अट पाणीपुरवठा अभियंत्यांनी घातली. गळती लागली तर पाणीच दूषित होईल. त्यामुळे काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर उभा राहणारा सांगाडा घ्यावा लागला. नागपुरात रचनेसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात; त्या हिशेबाने ठोकळ्यांचे वजन वाढले आणि स्लॅब ते पेलेल का हे पुन्हा तपासावे लागले. शेवटी छतावर तिसरा हिस्साच बसला, उरलेली पॅनेल जमिनीवर गेली, आणि कुंपणाचा खर्च वाढला.

इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारी उपकरणे) पश्चिमेच्या भिंतीवर पत्र्याच्या आडोशाखाली लावले होते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता ते स्वतःहून क्षमता घटवू लागले. नागपुरात बाहेर ४५ अंश असताना पत्र्याखाली त्याहून कितीतरी जास्त तापते. उत्तरेच्या भिंतीवर हलवून वर जाळीचे छप्पर केल्यावर ही घट थांबली. पॅनेलची घट मात्र टळत नाही: पॅनेलचे तापमान ७० अंशांपर्यंत जाते, २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३५ टक्के या हिशेबाने ऐन दुपारी १५ टक्के वीज कमी मिळते. ऊन कडक म्हणून वीजही भरपूर, हा समज चुकीचा आहे. इथे फेब्रुवारी-मार्चचे स्वच्छ, कोरडे दिवस चांगले जातात.

नेट मीटरचा अर्ज काम पूर्ण झाल्यावर केला गेला. व्यवहार्यता तपासणी, विद्युत निरीक्षकांची परवानगी, करार, मीटरची चाचणी या सगळ्यांत दोन महिने गेले आणि प्रकल्प तयार असून बंद राहिला. महिन्याला साडेसतरा हजार युनिट, म्हणजे दोन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त रुपये असेच गेले. अर्ज कार्यादेशाच्या आठवड्यातच करता आला असता.

केव्हीएएचचा फटका

हा मुद्दा वेगळा मांडतो, कारण उच्चदाब जोडणीवर सौर बसवणाऱ्या जवळपास प्रत्येक संस्थेला तो भोवतो आणि निविदेत क्वचितच दिसतो.

महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे सक्रिय आणि प्रतिक्रियात्मक वीज मिळून होणाऱ्या एकूण वापरावर, आकारणी होते. सौर प्रकल्प फक्त सक्रिय (प्रत्यक्ष काम करणारी) वीज देतो. पंपांच्या मोटरींना चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी प्रतिक्रियात्मक वीज ग्रिडमधूनच येत राहते. समजा सकाळी अकरा वाजता पंपांचा भार ११५ किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर (एकूण भारातला सक्रिय विजेचा वाटा) ०.९५. ग्रिडमधून १२१ केव्हीए येते, त्यात ३८ केव्हीएआर प्रतिक्रियात्मक. सौर प्रकल्पाने ९० किलोवॅट दिले की ग्रिडमधून २५ किलोवॅट आणि तेच ३८ केव्हीएआर, म्हणजे ४५ केव्हीए. पॉवर फॅक्टर ०.५५ वर. तासाभरात सौर वीज निर्माण झाली ९० युनिट, बिलातून कमी झाले ७६.

पहिल्या चार महिन्यांत इन्व्हर्टरवरचा आकडा आणि बिलातली घट जुळेना तेव्हा ठेकेदार मीटरला दोष देत होता आणि परिषद ठेकेदाराला. खरे कारण एपीएफसी पॅनेलचा सीटी. हे पॅनेल प्रतिक्रियात्मक वीज जागेवरच पुरवणारे कॅपॅसिटर गरजेप्रमाणे जोडते, आणि सीटी म्हणजे त्याचा विद्युतप्रवाह मोजणारा भाग. तो पंपांच्या बाजूला होता, त्याला पॉवर फॅक्टर ०.९५ चांगलाच दिसत होता, म्हणून कॅपॅसिटर जोडले जात नव्हते. सीटी ग्रिडच्या इनकमरवर (ग्रिडची वीज आत येते तिथे) हलवला आणि २५ केव्हीएआरच्या मोठ्या टप्प्यांऐवजी ५, १० आणि २० चे टप्पे केले. लहान टप्पे यासाठी की कॅपॅसिटर जास्त झाले तर पॉवर फॅक्टर पुढे सरकतो आणि केव्हीएएच पुन्हा वाढते. खर्च साडेतीन लाख. तो बचत निधीतूनच झाला.

निष्पत्ती

पहिल्या पूर्ण वर्षात दहा लाख लिटरमागे वापर ४१० युनिटच्या आसपास स्थिरावला, अपेक्षेच्या जवळ. सौर प्रकल्पाने १ लाख ९५ हजार युनिट दिले, अंदाजापेक्षा पंधरा हजार कमी. यात धुळीचा वाटा आहे. औष्णिक वीज केंद्रांची राख, विटभट्ट्या आणि उन्हाळी वावटळी यांमुळे इथे पॅनेल दहा-बारा दिवसांनी धुवावीच लागतात. २७८ पॅनेलना प्रत्येकी दोन लिटर पाणी. सुरुवातीला फिल्टर धुतलेले गढूळ पाणी वापरले गेले, त्याने काचेवर थर बसला. उरलेली घट ११ केव्ही फीडर बंद पडण्याची: ग्रिड गेली की हे इन्व्हर्टर सुरक्षिततेसाठी आपोआप थांबतात. ‘सौर असून लाइट गेल्यावर पाणी का नाही?’ हा प्रश्न गावात वारंवार विचारला गेला. तो उद्घाटनाच्या दिवशीच समजावून सांगायला हवा होता.

रुपयांत बिल पावणेदहा लाखांवरून सव्वासात लाखांपर्यंत आले. युनिटांच्या मानाने घट कमी दिसते, कारण १ एप्रिल २०२३ पासून वीज नियामक आयोगाच्या आदेशाने दर वाढले आणि मागणी आकार (कमाल भारावरचा आकार) तर सौर विजेने कमी होतच नाही. पंप लहान झाल्यावर कमाल मागणी १३० केव्हीएपर्यंत उतरली होती. करार मागणी तेवढीच कमी करावी असे सुचवले गेले. पण ती सौर क्षमतेच्या खाली नेली तर नेट मीटरिंगची मर्यादाच मोडते. म्हणून १६० वर थांबले. सौर क्षमता आणि करार मागणी यांचा निर्णय एकत्रच घ्यावा लागतो.

बचत निधीत वर्षाअखेर दोन तिमाह्यांची रक्कम वेळेवर आली, तिसरी उशिरा, चौथी मार्चमध्ये पगारासाठी थांबवली गेली आणि मेमध्ये वर्ग झाली. ठराव होता म्हणूनच ती वर्ग झाली. मागे नोंद होती, विचारणारा लेखापरीक्षक होता. थकबाकी सहा महिन्यांवरून अडीच महिन्यांवर आली.

वेगळे काय करता आले असते

तपासणी आधी झाली असती तर पहिल्या प्रस्तावात गेलेले आठ महिने वाचले असते. अडीच लाखांची तपासणी टाळण्याकडे कल असतो, कारण तिच्यासाठी कोणत्याच अनुदानात खर्चाचे शीर्ष सापडत नाही. ती स्वनिधीतूनच करावी लागते आणि करावी.

निविदेत देखभाल फक्त एका वर्षाची होती. पाच वर्षांची देखभाल किमतीतच मागून, रकमेचा काही भाग दरवर्षीच्या हमी दिलेल्या युनिटांशी बांधला असता तर पॅनेल धुण्याची जबाबदारी चालकांवर येऊन पडली नसती. हमी मोजायची ती बिलातल्या केव्हीएएच घटीवर, इन्व्हर्टरच्या पडद्यावर नाही. दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलावे लागतील. त्याची तरतूद बचत निधीत दरवर्षी थोडी थोडी बाजूला पडायला हवी, ती अजून सुरू झालेली नाही.

रेस्को कायमचा नाकारण्याचे कारण नाही. शाळा, कार्यालये, दवाखाना यांच्या छतांसाठी तो बरा पर्याय ठरू शकतो. केंद्र सरकारच्या अनुदानाचा भर २०१९ नंतर घरगुती ग्राहकांवर आहे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या सूर्यघर योजनेत सरकारी इमारतींसाठी रेस्कोचाही मार्ग आहे. त्याच योजनेत घरांवर बसणाऱ्या प्रत्येक सौर संचामागे स्थानिक संस्थेला एक हजार रुपये प्रोत्साहन आहे. ते बचत निधीत जमा करण्याचा ठराव परिषदेने करून ठेवावा. कंपन्या हमी मागतील तेव्हा दाखवायला आता दोन वर्षांचे बचत निधीचे विवरण असेल. बँक हमीइतके ते भक्कम नाही, पण पथदिव्यांच्या थकबाकीखेरीज दाखवायला काहीच नव्हते त्यापेक्षा पुष्कळ बरे.

जॅकवेलचा प्रश्न उरला आहे. तिथे महिन्याला तीस हजार युनिट लागतात आणि वर सौर नाही. एक सूचना अशी की केंद्रातल्या संपची साठवण वाढवून कच्च्या पाण्याचा उपसा स्वस्त दराच्या तासांत हलवावा. त्यासाठी लागणारे वीस-बावीस लाख बचत निधीत पुढच्या वर्षी जमतील. प्रस्तावाची फाईल सध्या मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर आहे, आणि तिला जोडलेले पहिले पान बिलांच्या मागील बारा महिन्यांच्या तासनिहाय वापराचे आहे.